सिंथस डोंगराची सून

परवा खाडीवर गुरुजींनी तुझं नाव विचारलं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

गोत्र विचारलं, ते श्रीधरनं सांगितलं. पाणी, तीळ, दर्भ सगळं मांडून झालं होतं. गुरुजी म्हणाले, "हं, आता नाव. नाव नीट सांगा, मास्तर. तीळपाणी नावाला पोचतं. नाव चुकलं की कुणाचं कुणाला जातं." ज्याला परक्या मुलखातल्या डोंगरांची आणि देवदेवतांची नावं झोपेतून उठवलं तरी सांगता येतात, तो आपला श्रीधर घाटाच्या पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडायला लागला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अक्का, तिचं नाव काय घालायचं?"

बायको जाऊन दहावा दिवस, आणि नवरा विचारतोय तिचं नाव काय. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर मी ती गोष्ट कल्याणपासून ठाण्यापर्यंत पोचवली असती.

उत्तर शेवटी मीच दिलं. ते तुला पटलं की नाही हे विचारायला आता तू नाहीस, म्हणून हे लिहायला बसलेय. पण मी थेट तिथे पोचणार नाही, हे तुला ठाऊकच आहे. तूच म्हणायचीस, "वन्सं, तुम्हाला कल्याणहून डोंबिवलीला यायचं असलं तरी तुम्ही व्हाया कर्जत येता." तर मी कर्जतवरूनच येणार. तुझं दुखणं, डॉक्टर, औषधं, शेवटची रात्र, हे सगळं भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून माझं पाठ झालंय. ते इथे नको. तुला ते माझ्यापेक्षा बरं माहीत आहे.

सुरुवात करायची तर त्या तांदळाच्या ताटापासूनच केली पाहिजे.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. इंग्रज गेले आणि आमचे बंधुराज ठाण्याच्या शाळेत लॅटिन शिकवायला राहिले. तेव्हा आपलं बिऱ्हाड ठाण्यातच होतं, तळ्यापासून जवळ. तू माप ओलांडून आत आलीस. मुंडावळ्या घाटावरून आल्यासारख्या दमून लोंबत होत्या, आणि पाटावर बसलीस ती इतकी सरळ, की मला वाटलं हिला पाठीचं काहीतरी आहे. पुढे ताटात तांदूळ पसरलेले. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माहेरचं नाव त्या क्षणी संपलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच. मीही कल्याणला गेले ती मनोरमा होऊन. माझं आधीचं नाव आता मलाच आठवून सांगावं लागतं.

आईनं तुझं नाव ठरवलं होतं लक्ष्मी. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरात सून आली की ती लक्ष्मीच. पेढ्यांचं ताट घेऊन मी तयार उभी होते.

श्रीधरनं अंगठी घेतली आणि लिहायला सुरुवात केली. लिहितोय, लिहितोय. लक्ष्मीला एवढा वेळ कशाला लागतोय म्हणून मी वाकून पाहिलं तर हा एका अक्षरावर अनुस्वार देत होता. गुरुजींनी ताट आपल्याकडे वळवलं, चष्मा वर केला आणि वाचलं, "सिं... थि... या."

मग आई म्हणाली, "हे सुईणीचं नाव आहे."

खरंच होतं ते. चर्चपलीकडे राहणारी सिंथियाबाई. आपल्या आळीतली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मलेली. बाई फार चांगली, पण तिचं नाव आपल्या सुनेला म्हणजे काय. मामा मागून म्हणाले, "अरे, बाळंतपण अजून लांब आहे. आत्ता नुसतं लग्न लागलंय." बायका पदर तोंडाशी नेऊन हसायला लागल्या. श्रीधरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्याची दया आली आणि मी विचारलं, "अरे, पण याचा अर्थ काय?"

झालं. मास्तरला अर्थ विचारला. डेलोस नावाचं बेट आहे, त्यावर सिंथस नावाचा डोंगर आहे. फार पवित्र. तिथे जुळे देव जन्मले. भाऊ सूर्याचा, बहीण चंद्राची. डोंगर सिंथस म्हणून ती सिंथिया. "आपण नाही का अक्का, पर्वताची पार्वती म्हणत? गिरीची गिरिजा? शैलाची शैलजा? तसंच आहे. त्या लोकांनाही डोंगरावरून मुलीचं नाव सुचलं, आपल्यालाही सुचलं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं." हे शेवटचं वाक्य तो इतक्या आनंदानं बोलला, की दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं हीच जणू लग्नातली मुख्य गोष्ट होती. आणि तुला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. तो काळच तसा होता, असं आता म्हणायचं.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "चंद्र आपल्यात पुरुष आहे, मास्तर. सासरी आल्या आल्या मुलीवर पुरुषाचं काम कशाला टाकता? तुम्हाला पर्वतावरून निघालेलं नाव हवंय ना?"

"हो, पण..."

"मग पार्वती. तयार आहे, वापरातलं आहे." आणि त्यांनी तळहातानं तांदूळ सारखे केले. आई लक्ष्मी सोडायला तयार नव्हती, पण सुईण टळली याचाच तिला एवढा आनंद झाला, की पेढा आधी तिनंच घेतला.

तर अशी तू गोदावरी होतीस ती तासाभरात सिंथिया होऊन पार्वती झालीस. नदी निघाली आणि उलट डोंगरावर जाऊन बसली, असं मी पुढे सांगत असे. किती लग्नांत सांगितली असेल मी ही गोष्ट. दर वेळी थोडी वाढवून. एकदा मी त्यात खुद्द सिंथियाबाईंनाच पंगतीला बसवलं होतं. तू वाढत होतीस. तिथूनच म्हणालीस, "वन्सं, मागच्या वेळी त्या दाराशी उभ्या होत्या. आज आत आल्या. पुढच्या लग्नात माझं बाळंतपण करून जातील." सगळे तुला हसले नाहीत, मला हसले.

पण आपलं खरं भांडण त्यावरून नव्हतं. भांडण होतं ते तू हसलीस की रडलीस यावर. माझ्या गोष्टीत, गुरुजी तांदळावरून हात फिरवतात आणि नवरीच्या डोळ्यातून टपकन पाणी पडतं. ऐकणाऱ्या बायका तिथे हमखास 'अगं बाई' म्हणतात. तू म्हणायचीस, "मी हसले होते. मुंडावळ्यांच्या आत हसायला येत होतं म्हणून मान खाली घातली." मी म्हणायचे, मी डोळ्यांनी पाहिलं. तू म्हणायचीस, "हसतानाही येतं पाणी." हे भांडण आपण दहा वर्षं मिटवलं नाही. मिटवलं असतं तर आपल्याला बोलायला काय उरलं असतं? आता मात्र वाटतं, एकदा शपथ घालून विचारायला हवं होतं. तू खोटं बोलली असतीस, पण निदान कुठलं खोटं ते कळलं असतं.

पुढे भाडं परवडेना म्हणून तुम्ही डोंबिवलीला आलात. दोन खोल्या, मागे पडवी, पलीकडे भाताची शेतं. मी कल्याणहून पहिल्यांदा आले तेव्हा तू आतून म्हणालीस, "वन्सं, हात धुवायला हेलिकॉनमधलं पाणी घ्या, पिपातलं नको." मी उंबऱ्यात उभी. म्हटलं, हिला वेड लागलं की मला?

तुझं ते सगळं घरच डोंगरांचं होतं. श्रीधर रात्री पोरांच्या वह्या तपासताना मोठ्यानं बोलायचा आणि तू भाकरी थापता थापता ऐकायचीस. त्याच्या भाषेत एकेका डोंगरापासून शब्दांची पिलावळ निघालेली. पर्नासस नावाच्या डोंगरापासून पर्नासिस. त्या डोंगराशी जे जे संबंधित, मग ती देवी असो, झाड असो, ते पर्नासिस. हेलिकॉनवर एका घोड्यानं टाप मारली आणि झरा फुटला, त्याचं पाणी प्यायलं की माणसाला कविता होते. म्हणून मोरीतला रांजण हेलिकॉन. पुस्तकांचा पोटमाळा पर्नासस, कारण तिथे चढायला त्रास पडतो आणि चढून उपयोग नाही, हे तुझं कारण. आईच्या लोणच्यांची फळी ऑलिंपस, तिथे आईशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. त्या ऑलिंपसवरच्या देवासाठी दर चार वर्षांनी खेळ व्हायचे, आणि दोन खेळांमधल्या काळाला त्या लोकांनी ऑलिंपियाड म्हटलं. हा शब्द तुला फार आवडला. तुझा भाऊ भाऊबीजेला यायचा नाही. शेजारणीनं खोचकपणे विचारलं, "भाऊ कधी आले होते?" तू पोळी उलटत म्हणालीस, "एक ऑलिंपियाड झालं." ती बिचारी समजली, एखादा सण असेल.

मला हे सगळं आधी आढ्यतेचं वाटायचं. माझ्या सासरी मी सांगितलंही, "आमची वहिनी लॅटिनमध्ये भांडी घासते." मग एकदा माझ्या घरी रांजण रिकामा झाला आणि मी पोराला ओरडून म्हटलं, "अरे, हेलिकॉन आटला, बघत काय बसलास?" जीभ चावली, पण उशीर झाला होता. आता आमच्याकडेही रांजणाला हेलिकॉनच म्हणतात. माझ्या सुनेला त्याचं कारण माहीत नाही. सांगेन कधीतरी, व्हाया कर्जत.

एकदा श्रीधर शाळेतून आला तो अगदी चेहरा पाडून. चहा घेईना. आईला वाटलं नोकरी गेली. तू विचारलंस, "काय झालं?" तर म्हणाला, "सिंथसची उंची सापडली." कुठल्याशा पुस्तकात छापलेली. काही शे फूट. म्हणजे डोंगर नाहीच, टेकडी. त्या माणसानं तो डोंगर जन्मात पाहिलेला नाही, पाहणारही नाही, पण त्याच्या उंचीनं त्याला असं पाडलं. तू पडवीतून पलीकडे बघून म्हणालीस, "म्हणजे आपल्या पारसिकच्या डोंगरापेक्षाही लहान?"

"तेवढाच. किंवा कमीच."

"बरं झालं. मी उगीच इतके दिवस ताठ बसत होते."

तो हसला. चहा घेतला. तुझं हे काम मी अनेकदा पाहिलंय. त्याची कुठलीतरी लांबची दुःखं असायची, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि तू ती अशी हातभर अंतरावर आणून ठेवायचीस, म्हणजे त्याला हात लावता यायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी आपण दोघी शेताच्या बांधावर गेलो होतो. समोर मलंगगड. ऊन्ह उतरलं होतं आणि गडाचं टोक एकटंच अजून उजेडात होतं. तू म्हणालीस, "वन्सं, हा एवढा उंच, पण याच्यापासून एक शब्द निघाला नाही हो. बिचारा." मी म्हटलं, "काय करायचाय शब्द? दिसतोय ना." तू म्हणालीस, "नुसतं उंच असून भागत नाही. त्याच्याकडे बघून कुणी काही म्हणावं लागतं." मी तेव्हा 'हूं' म्हटलं आणि चिंचेचे भाव काढले. मला असं कुणी काही बोललं की मी भाव काढते. तुला त्याची सवय होती. तूही लगेच म्हणालीस, यंदा चिंच महाग आहे.

मग शाळेनं लॅटिनचा वर्ग बंद केला. पोरं येईनात. संस्कृत घ्यायची, हिंदी घ्यायची, लॅटिन कुणाला हवं? शेवटच्या वर्गात तीन मुलं होती, त्यांतला एक वडिलांच्या धाकानं बसलेला. श्रीधरला इंग्रजी आणि भूगोल दिला. पगार तोच. पण तो घरी आला की पर्नाससवर जाऊन बसायचा आणि खाली यायचाच नाही. आई म्हणाली, "पार्वते, त्याला खाली बोलाव, जेवण निवतंय." तू बोलावलं नाहीस. तूच शिडी चढून वर गेलीस. त्या पोटमाळ्यावर दोन माणसं बसली की एकाला मान वाकडी करावी लागते. खाली मी आणि आई, वर तुम्ही दोघं, आणि तुझा आवाज येतोय, "सिंथसची सिंथिया. पर्नाससची पर्नासिस. आयडा डोंगराची?" तो काहीतरी म्हणाला. तू परत म्हटलंस. त्यानं परत सुधारलं. पुढे रोजचंच झालं ते. आई मला म्हणाली, "ही काय मॅट्रिकला बसणार आहे?" मी म्हटलं, "नाही आई, ती त्याला शिकवायला बसवतेय." हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं होतं, खरं सांगते, नंतर घातलेलं नाही.

तू मला पुढे सांगितलंस की तुझं एकदा सगळं बरोबर आलं तेव्हा तो म्हणाला, "शाब्बास, सिंथिया." सांगताना तू पदराच्या टोकाला उगीच पीळ देत होतीस. मी विचारलं, "एरवी काय म्हणतो?" तू माझ्याकडे बघितलंस. मग आपण दोघी हसत सुटलो. कारण एरवी तो काय म्हणतो हे मलाही ठाऊक होतं. एरवी तो म्हणायचा, "अगं ए." परक्या मुलखातला डोंगर फोडून बायकोसाठी नाव काढलं, भर लग्नघरात आईशी वैर पत्करलं, आणि दहा वर्षं हाक काय, तर अगं ए. आमच्या ह्यांचंही तेच आहे, पण ह्यांनी निदान डोंगर तरी फोडला नाही.

आणि मी? मी वयानं मोठी, मी तुला नावानं हाक मारायला हवी होती. पार्वती म्हणावं तर ते गुरुजींचं, सिंथिया म्हणावं तर जीभ अडखळते, गोदा म्हणावं तर आई डोळे वटारून बघते. मग मीही 'अगं' वर भागवलं. पार्वती हे नाव सगळ्यात जास्त कुणी घेतलं असेल तर आईनं आणि रेशनकार्डानं. आई गेल्यावर एकट्या रेशनकार्डानं.

हे सगळं परवा खाडीवर माझ्या डोक्यात एकदम आलं, असं म्हटलं तर ती माझी नेहमीची अतिशयोक्ती होईल. आधी आलं ते एवढंच, की पाय दुखतायत. बाईमाणसानं दहाव्याला घाटावर जायचं नसतं, हे मला तिघांनी तीन वेळा सांगितलं होतं. पण श्रीधरला एकट्याला मी सोडलं नसतं. गेले काही दिवस तो माणूस भांड्यात पाणी ओततो आणि भांडं भरलं तरी ओततच राहतो.

गुरुजी तेच होते, तांदळाच्या ताटाचे. आता दात गेलेत, पण आवाज तसाच. आम्ही बोलत नाही असं पाहून तेच म्हणाले, "पार्वतीच ना? मीच तर सुचवलं होतं." आणि पळीतलं पाणी ओंजळीत घालायला पुढे सरले. श्रीधरची ओंजळ खालीच होती. त्यानं मला विचारलं, ते वर सांगितलंच. तेव्हा मला दूध दिसलं.

एकदा तुझ्या स्वयंपाकघरात मागच्या दारानं मी आले होते, तुला चाहूल लागली नव्हती. तू खिडकीतून बाहेर कुठेतरी बघत होतीस आणि चुलीवर दूध वर येत होतं. मी बोलणार तोवर ते उतू गेलं, निखाऱ्यांवर फसफसलं. तू भानावर आलीस, पदरानं पातेलं खाली उतरवलंस, आणि स्वतःशीच म्हणालीस, "गोदे, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

इतक्या सहज. आईनं म्हणावं तसं. मी दोन पावलं मागे गेले आणि मुद्दाम कडी वाजवून परत आले. त्याच्यानंतर मी ते पुष्कळदा ऐकलं. कांदा चिरताना बोट कापलं की, दार उघडं राहिलं की, आणि एकदा, आई गेली त्या दुपारी, तू सगळ्यांचं करून झाल्यावर पडवीत टेकलीस तेव्हा. "गोदे, बस आता जरा."

मी म्हटलं, "गोदावरी म्हणा, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. "ते माहेरचं, अक्का. ते चालत नाही. ते नाव पुसलेलं आहे."

"ज्या नावाला माणूस ओ देतं, ते चालतं ना?"

"ते चालतं. पण या नावानं त्यांना हाक कोण मारत होतं?"

"तीच," मी म्हटलं. "स्वतःला."

गुरुजींनी क्षणभर पळी तशीच धरली. आता हे शास्त्रात बसत नाही असं ते म्हणणार, मी वाद घालणार, आणि तुझ्या दहाव्याला घाटावर तमाशा होणार, याची मी पूर्ण तयारी केली होती. पण ते म्हणाले, "लग्न लावून ते पुसलं मीच होतं, या हातानं. मग मलाच काढायला हरकत नसावी." आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. गोदावरी. त्यांच्या त्या बोळक्या तोंडातून, मंत्राच्या मध्ये. श्रीधरच्या ओंजळीतून पाणी खाली गेलं, तीळ त्याच्या बोटांना चिकटून राहिले. पुढचं पिंडाचं, कावळ्याचं सगळं सुरळीत झालं. तू कुणाला ताटकळत ठेवणाऱ्यातली नव्हतीसच.

गुरुजी टांग्यात जाऊन बसले. मी भांडी गोळा करत होते. श्रीधर म्हणाला, "अक्का, तुला कसं ठाऊक?"

मी दुधाचं सांगितलं. मला वाटलं त्याला धक्का बसेल. तो म्हणाला, "सुई बोटात गेली की म्हणायची. मी वर पोटमाळ्यावर असायचो. ऐकू यायचं."

"मग मघाशी बोलला का नाहीस?"

"मला वाटायचं ते तिचं एकटीचं आहे. आपल्याला ऐकू येतं हेही तिला कळू देऊ नये." मग म्हणाला, "त्या ताटात मी माझ्या हौसेनं लिहिलं, अक्का. तिचं नाव कुठे जाणार याचा विचारच केला नाही. मग कुठल्या तोंडानं त्या नावानं हाक मारायची? सिंथिया म्हणायला लाज वाटायची, गोदा म्हणायचा हक्क वाटत नव्हता. म्हणून ते आपलं, अगं ए."

मी चिंचेचे भाव काढणार होते. नाही काढले. म्हटलं, "तिला सिंथियाही आवडलं होतं रे. शाब्बास म्हणालास ते तिनं मला सांगितलं होतं."

"सांगितलं?"

"पदराला पीळ देत देत."

हे मी त्याला सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. तू विश्वासानं सांगितलेलं. पण तुला माहीत आहे, माझ्याजवळ काही राहत नाही. आणि ते त्याच्याजवळ असलेलं बरं, असं मला त्याच्याकडे बघून वाटलं. तुझ्यामुळे आमचा एवढा शिकलेला, एवढा लांब कुठेतरी राहणारा भाऊ दहा वर्षं आमच्यात राहिला. त्याबद्दल तुला मी कधी एका शब्दानं काही म्हटलं नाही. गोष्टी सांगत राहिले. तांदळाचं ताट, सुईण, उलटी वाहणारी नदी. तू ऐकलंस, तपशील सुधारलेस, आणि वाढत राहिलीस.

भरती लागली होती. टांगेवाल्यानं घोड्याला चुचकारलं, म्हणजे आम्हाला निघायला सांगितलं. मी वर चढले आणि मागे पाहिलं, तर श्रीधर परत खाली उतरत होता. पाणी लागलेल्या पायरीच्या एक पायरी वर तो थांबला. धोतराचा सोगा हातात, डोकं उघडं, समोर काही नाही, नुसती खाडी.

"गोदा," तो म्हणाला.

मोठ्यानं नाही. आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारतात, तेवढ्याच आवाजात. मग हाकेनंतर ओ येईपर्यंत माणूस जेवढा थांबतो तेवढा तो थांबला, आणि त्यानंतर आणखी थोडा.